बाहेरून लावलेली काच

माझ्या सासऱ्यांनी, धर्माजींनी, चिंचणीत आयुष्यभर लाकडी होड्या बांधल्या. आता सगळे फायबरच्या बोटी घेतात, म्हणून त्यांनी वाकस, रंधा, पटाशी सगळं गोणीत भरून ठेवलं होतं. माझ्या लेकीने, भाविकाने, माशांची टाकी मागितली तेव्हा ती गोणी सुटली. "टाकी जमली तर हत्यारं ठेवतो, नाय तर भंगारवाल्याला देतो," म्हणाले. बाबा बोलतात ते करतात, हीच तर पंचाईत.

तीन बाजू प्लायवूडच्या, समोर काच. लांबी चार फूट, उंची दोन. काचेच्या जाडीवरून घरात महाभारत. माझा नवरा शैलेश म्हणे, सहा एमेम पुरे, खिडकीला तर पाचच असते. मी म्हटलं, खिडकीला पाणी रेलून बसतं का? बोईसरच्या काचवाल्याने आधी पाण्याची उंची विचारली. दोन फूट ऐकल्यावर म्हणाला, "मग बारा घ्या. पातळ काच पोटासारखी फुगते आणि एक दिवस फुटते." मी शैलेशकडे नुसतं बघितलं. तो गपचूप टेम्पो शोधायला गेला.

बाबांनी काच चौकटीवर बाहेरून बसवली, कडेने सिलिकॉन भरलं आणि सुकायला आठवडा दिला. काम असं सफाईदार की नाव ठेवायला जागा नाही. तरी घरात माझं शिलाई मशीन आहे, म्हणून मी अडून बसले की आधी अंगणात भरा.

पाणी काठाशी आलं आणि काच फुटलीच नाही. अख्खीच्या अख्खी सुटली आणि समोरच्या पेंढ्यावर आडवी झाली. मागचा लोंढा माझी वाळत घातलेली सुकट घेऊन फाटकापर्यंत गेला.

"घे तुझी बारा एमेम," शैलेश म्हणाला. त्याला मी सुकट वेचायला बसवलं.

बाबा एकेक हत्यार पुसून गोणीत टाकू लागले. टोचून बोलणं मला जमतं, समजूत काढणं नाही. म्हणून मी जाऊन काच तपासली. साधा ओरखडा नव्हता.

"बाबा, काच शाबूत आहे. होडीला फळ्या बाहेरून का हो लावतात?"

"पानी भायेरून दाबतं. फळी सांगाड्यावर घट्ट बसते," ते गोणीचं तोंड आवळत वैतागून म्हणाले.

"आणि इथे पाणी कुठून दाबतं?"

त्यांचा हात थांबला. टाकीकडे बघत राहिले आणि मग कपाळावर हात मारून हसायलाच लागले.

"पानी आत येऊ नये यातच जन्म गेला, सूनबाय. भायेर जाऊ नये याचा इचारच नाय केला."

"मग आतून लावा. पाणीच तिला चौकटीवर दाबून धरेल."

"ते मला नको शिकवू. तुझा कापडावरचा खडू आण, खुणा करायच्या हायत."

मी खडू घेऊन आले तोवर हत्यारं ओट्यावर ओळीने मांडलेली होती. रिकामी गोणी त्यांनी दारात अंथरली होती, पाय पुसायला.