खोळीतलं यंत्र

शनिवारची शाळा सुटली की मावशी यंत्राच्या खोलीकडे वळायची. वर्ग झाडणं, फळे पुसणं, पाण्याचं पिंप घासणं हे रोजचंच होतं. यंत्राची खोली मात्र आठवड्यातून एकदाच उघडायची. तिची किल्ली मोठ्या सरांच्या खणात असायची आणि तिथून थेट मावशीच्या हातात यायची. शाळेत सगळे तिला मावशीच म्हणत. नवरा गेल्यापासून ती इथे शिपायाचं काम करत होती आणि तिची एकुलती एक लेक, चिंगी, याच शाळेच्या यंत्रविभागात शेवटच्या वर्षाला होती.

खोलीच्या मधोमध लेथ उभा होता. लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवत त्याला हवा तसा आकार देणारं हे यंत्र खेड्यातल्या पोरांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारने पाठवलं होतं. आल्या दिवसापासून त्याच्यावर प्लॅस्टिकची खोळ होती. मावशी खोळ काढायची, यंत्र तेलाच्या फडक्याने पुसायची, खोळ पुन्हा चढवून कडा नीट खोचायची. सबंध शाळेत त्या यंत्राला हात लावणारी ती एकटीच.

"तळहातावरच्या फोडासारखं जपा बरं का मावशी," मोठे सर बजावायचे. "ओरखडा जरी आला तरी जाब मला विचारतील आणि भरपाई यंत्राच्या सरांच्या पगारातून जाईल."

असा सगळा मामला होता. यंत्र बिघडलं तर शिक्षा होती; मुलं अडाणी राहिली तर विचारणारं कोणी नव्हतं. मग शहाण्या माणसांनी जे जपायला हवं तेच जपलं.

यंत्राचे सर मूळचे चित्रकलेचे. फळ्यावर लेथचं चित्र असं काढायचे की बघत राहावं. मुलं ते वहीत उतरवायची, एकेका भागाचं नाव पाठ करायची. तपासणीच्या दिवशी खोळ निघायची, मुलं पांढरेशुभ्र हातमोजे घालून यंत्राभोवती उभी राहायची, फोटो निघायचा आणि साहेब चहा घेऊन निघून जायचे. ते हातमोजे धुऊन, नीळ देऊन, इस्त्री करून ठेवण्याचं काम मावशीचं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय? शिक्षकांची स्वतःची मुलं या वर्गात कधी नव्हती. इथे यायची ती मजुरांची, धुणीभांडी करणाऱ्यांची, ज्यांच्या घरी पुढे शिकवायची ऐपत नव्हती त्यांची.

"आई, किल्ली तुझ्याकडेच आहे," चिंगी एकदा दारात रेंगाळत म्हणाली. "एकदाच चालू करून बघू दे ना. नुसतं चित्र काढून काढून मी आता लेथला मिशासुद्धा काढायला लागलेय."

"माझी नोकरी घालवतेस का?" मावशी फडकं उगारून म्हणाली. "चल, हो बाहेर."

चिंगी हसत पळाली. परीक्षेत तिला पहिला वर्ग मिळाला. प्रात्यक्षिकात तर सगळ्यांनाच पैकीच्या पैकी मिळायचे.

तालुक्याच्या कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा मावशीला आभाळ ठेंगणं झालं. तिथे दोन प्रकारची माणसं घेत. हेल्पर म्हणून लागलं तर उचल-ठेव करायची आणि पगार जेमतेम. लेथ चालवणारा कारागीर म्हणून लागलं तर त्याच्या दुप्पट. मोठे सर दर वर्षी पालकसभेत हेच तर सांगायचे.

"पण आई, मला चालवता येत नाही ग," चिंगी म्हणाली. "मी आधी हेल्पर म्हणून राहते. बघत बघत शिकेन."

"वेडी आहेस. एकदा हेल्पर झालीस की जन्मभर हेल्पर. विचारलं तर हो म्हण. पाण्यात पडलं की पोहता येतं."

आणि लेकीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून मावशीने यंत्राच्या सरांकडून हातमोज्यांचा एक जोड मागून घेतला. नीळ देऊन, घडी घालून तो पिशवीत ठेवला. तेवढंच लेकीचं कौतुक.

कारखान्यात विचारलं तेव्हा चिंगी हो म्हणाली. पहिला दिवस कारखाना दाखवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिला लेथपाशी उभं केलं, काम समजावलं आणि माल उतरवून घ्यायला तो फाटकाकडे गेला. पोरीने पिशवीतून हातमोजे काढले. फोटोत घालायचे तसेच, मनगटापर्यंत नीट ओढून घातले आणि यंत्र चालू केलं.

दवाखान्याच्या दारात मुकादम कपाळाला हात लावून बसला होता. माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे रडून लाल झाले होते.

"अहो ताई, हातमोजे घालून कोणी लेथवर उभं राहतं का?" तो म्हणाला. "फिरत्या यंत्रात कापड अडकलं की यंत्र सोडत नाही, हातच ओढून घेतं. पहिल्या दिवशी पहिलं हेच शिकवतात. तुमच्या शाळेत शिकवलं नाही?"

मावशीला ते मोजे डोळ्यांसमोर दिसले, तिने स्वतःच्या हाताने धुतलेले. ती भिंतीला धरून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून आक्रोश करत राहिली. चिंगीच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. फक्त अंगठा राहिला होता.

कारखान्याच्या मालकाने हात झटकले. "प्रमाणपत्र बघूनच घेतलं बाई. शिकलेल्या माणसाने चूक केली तर आम्ही काय करणार?" मोठे सर फळं घेऊन भेटायला आले आणि कारखान्याच्या नावाने खडे फोडून वर म्हणाले, "आम्ही सगळं शिकवलं होतं. पोरीचंच लक्ष नसेल."

हे चिंगीने ऐकलं. तिने त्या दिवसापासून एकच धोशा लावला.

"माझीच चूक आहे आई. सरांनी वर्गात सांगितलं असणार. मीच मिशा काढत बसले असेन."

घरी आली तरी तेच. जेवताना तेच, वेणी घालून घेताना तेच. डाव्या हाताने घास नीट उचलता येईना, सांडला की म्हणायची, "बघ, मी आहेच धांदरट." हसरी खेळती पोर स्वतःला आतून पोखरत चालली होती. मावशीला वाटे, कोणीतरी येऊन हिला सांगावं की तुझी चूक नाही. आपण सांगून ती मानणार नाही. ज्याने शिकवायला हवं होतं त्यानेच सांगायला हवं. हात तर गेलाच, निदान पोर तरी हाताशी राहू दे.

ती यंत्राच्या सरांकडे गेली. सर अंगणात पोराला सायकल पुसून देत होते. तिला पाहताच त्यांचा चेहरा पडला.

"सर, तिला सांगितलं होतं का मोज्यांचं?"

"मावशी, मलाच कुठे ठाऊक होतं?" सर हळूच म्हणाले. "मी रंग-ब्रशवाला माणूस. फोटोत बरं दिसतं म्हणून मोजे मीच सुचवले होते."

"एवढंच तिला येऊन सांगा. पाया पडते तुमच्या."

"नोकरी जाईल हो माझी." सर पुन्हा सायकल पुसायला लागले. मावशी परत फिरली.

मोठ्या सरांनी तिला कचेरीत बोलावून घेतलं. "चिंगीला शाळेतच चिकटवून घेऊ. घंटा द्यायला एक हात पुरतो. शनिवारी नव्या मुलांच्या पालकांची सभा आहे, तेवढी नीट पार पडू द्या. खोली लख्ख करा."

मावशीने खोली लख्ख केली. खोटं कशाला बोला, तिच्या मनात घंटेची नोकरीही घोळत होती. पोटाची आग माणसाला काय काय गिळायला लावते! पण शनिवारी सकाळी चिंगीला भरवताना पोर पुन्हा म्हणाली, "माझीच चूक," आणि मावशीच्या हातातला घास हातातच राहिला.

"तुझी नाही," ती म्हणाली. "सरांनी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनाच माहीत नव्हतं. आणि मला माहीत होतं चिंगे, की खोळ कधी निघत नाही. किल्ली माझ्याकडे होती. तू चालवू दे म्हणालीस, तर तुला हाकललं. आणि मीच तुला हो म्हणायला लावलं."

चिंगी आईकडे बघत राहिली. मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मावशी हाका मारून थकली. शेवटी शाळेची वेळ झाली तेव्हा मावशी तशीच उठली.

सभेला खोली भरली होती. मजुरीचा खाडा करून आलेले आईबाप, शेजारी नव्या कपड्यांतली पोरं. यंत्र चमकत होतं. मोठे सर दुप्पट पगाराचं सांगत होते आणि माणसं माना डोलावत होती. मावशी पाण्याचे पेले घेऊन फिरत होती. तिने तबक खाली ठेवलं.

"सर, यंत्र चालू करून दाखवा."

मोठे सर हसले. "मावशी, आज वीज नाही."

"पंखा फिरतोय, सर."

दोघे-तिघे हसले. मोठ्या सरांनी डोळे वटारले. मग ते यंत्राच्या सरांना म्हणाले, "दाखवा हो यांना." यंत्राचे सर पुढे झाले. त्यांनी एक दांडा धरला, सोडला, दुसरा धरला. त्यांच्या मानेवरून घाम ओघळला. समोर पोरं टाचा उंचावून बघत होती.

"मला येत नाही," ते म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "मला कधीच येत नव्हतं. मी कोणालाच शिकवलं नाही. मावशींच्या मुलीची काही चूक नव्हती."

मावशी दाराच्या चौकटीला टेकून हुंदके देत होती. जिच्यासाठी हे शब्द हवे होते ती घरी भिंतीकडे तोंड करून पडली असणार. तेवढ्यात एक हमाल उठून उभा राहिला.

"ते सगळं खरं असेल," तो अवघडून म्हणाला. "पण प्रमाणपत्र तर मिळतं ना? ते नसेल तर आमच्या पोराला दारात तरी कोण उभं करील?"

मावशीही असंच म्हणाली असती; म्हणालीच होती.

"मिळतं काका."

चिंगी मागच्या दारात उभी होती. कधी आली ते कोणी पाहिलं नव्हतं. वाटेने धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती. ती माणसांमधून वाट काढत हमालासमोर आली आणि तिने उजवा हात त्याच्यापुढे धरला.

"मलाही मिळालंय. पहिला वर्ग आहे."

हमालाने खाली बघितलं. त्याचा मुलगा मात्र त्या हाताकडे बघत राहिला. चिंगी यंत्रासमोर फरशीवर बसली. "शिकवता येणारा माणूस येईपर्यंत मी इथून उठणार नाही," ती म्हणाली. आईकडे तिने बघितलं नाही, पण मावशी शेजारी येऊन बसली तेव्हा सरकून जागा दिली. मागाहून यंत्राचे सर बसले. एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली. हमालाचा मुलगा बसायला लागला, तर बापाने त्याला दंडाला धरून उठवलं.

मोठ्या सरांनी टेबल बाहेर व्हरांड्यात हलवलं आणि नावं तिथेच घ्यायला सुरुवात केली. मावशीला उद्यापासून येऊ नका म्हणून तिथूनच ओरडून सांगितलं. त्या टेबलापाशी गर्दी झाली. हमालही तिथेच उभा होता. त्याला दोष देणं सोपं आहे. पण खोलीत पाच माणसं आणि व्हरांड्यात पन्नास, असं का व्हावं, याचा विचार त्या पन्नासांनी एकट्यांनी करायचा नाही. ज्यांची मुलं त्या वर्गात कधीच बसणार नाहीत, त्या आपणही करायचा आहे.