कमरेच्या मापाची ताटली

मी एक जुनी ताटली आहे, मित्रांनो. पांढऱ्या मुलाम्याची, निळ्या कडेची. माझ्यात जेवण मात्र क्वचितच वाढलं गेलं. फिलिपिन्समधल्या बातांगासच्या किनाऱ्यावर रोसेंदा नावाची शिवणकाम करणारी बाई राहायची. तिच्याकडे मी कमरेच्या मापाला होते.

गोल घेराचा स्कर्ट बेतायचा तर कापडाच्या मधोमध कमरेएवढं भोक पाडावं लागतं. कमरेचं माप सव्वासहाने भागलं की त्या भोकाची त्रिज्या मिळते. रोसेंदाला हे ठाऊक होतं, पण भागाकाराचा तिला मनस्वी कंटाळा. ती कमरेला दोरा गुंडाळी आणि तोच दोरा आम्हा भांड्यांच्या कडेभोवती फिरवी. जिथे टोकं जुळली, ते भांडं कापडावर पालथं घालून खडूने रेघ ओढी. लहान मुलींना बशी, तरुण पोरींना मी, त्यापुढे भाताच्या पातेल्याचं झाकण. बायका एकमेकींना चिडवतही तशाच. "काय गं, लग्नाला वर्ष नाही झालं, तर ताटलीची झाकण झालीस?"

जत्रेच्या दिवशी आमच्याकडे साऱ्या गावाची भांडी घरोघर फिरतात. एका जत्रेला रोसेंदाच्या नवऱ्याने शेजाऱ्यांना ताटल्या उसन्या दिल्या, त्यात मीही गेले. माझ्यावर गरम शेवया वाढल्या, पोरांनी त्या बोटं चाटून संपवल्या. खरं सांगते, मला फार मजा आली.

इकडे काय घडलं ते नंतर बशीने सांगितलं. शेजारच्या लिगायाला त्या संध्याकाळी चौकात पहिल्यांदाच नाचायचं होतं. बोटीवर असलेल्या भावाने तिला लाल कापड पाठवलं होतं, तेही एका स्कर्टापुरतंच. रोसेंदाने घाईत निळ्या कडेची ताटली उचलली. ती दुसऱ्याच कुणाच्या घरची होती, माझ्याहून बोटभर रुंद. भोक मोठं झालं आणि स्कर्ट कमरेवर ठरेना. लहान भोक वाढवता येतं, मोठं कसं आवळणार? चुण्या घातल्या तर गिरकीचा डौलच जातो.

लिगाया मटकन खाली बसली. "काकू, आता मी काय गोणपाट गुंडाळून नाचू?"

रोसेंदाने दोरा घेतला आणि लिगायाच्या आईच्या, चोलेंगच्या, कमरेला गुंडाळला.

"माझं काय मोजतेस? माझं नाचायचं वय सरलं."

"वय सरलं असेल. कंबर आहे ना जागेवर?"

लाल स्कर्ट चोलेंगला चपखल बसला. मग रोसेंदाने तिला विचारलं, लग्नाआधी शिवून दिलेला पिवळा स्कर्ट कुठाय म्हणून. तो पेटीत होता. माझ्याच मापाने बेतलेला तो स्कर्ट लिगायाच्या अंगावर असा बसला, जणू तिच्यासाठीच शिवलेला.

संध्याकाळी मी शेजाऱ्यांच्या मेजावर उष्टीच पडले होते. तिथून पाहिलं, तर चौकात एक पिवळं आणि एक लाल वर्तुळ गरगरत होतं. नको नको म्हणणाऱ्या आईने लेकीला पार दमवलं.

दुसऱ्या दिवशी रोसेंदा दोरा घेऊन आली, ताटलीमागून ताटली मोजत गेली आणि टोकं जुळताच मला छातीशी धरून घरी घेऊन गेली.

आता माझ्या कडेचे टवके उडालेत. मित्रांनो, उसनं आणलेलं भांडं घासूनपुसून ज्याचं त्याच्या घरी पोचवा. तिथे त्याच्यावाचून कुणाचं तरी नाचणं अडलेलं असेल.