वशिल्याचं तट्टू

"हे घ्या तुमचं खोकं," बसचा ड्रायव्हर म्हणाला, "आणि पाठवणाऱ्या बाईंना सांगा, धुरावलेलं मांस पाठवायचं तर नीट गुंडाळून पाठवा. नोवी सादपासून प्रवासी मला विचारतायत, जेवायला कुठे थांबणार म्हणून."

डोब्रिलाने कसलंच खोकं मागवलं नव्हतं. सकाळी एका अनोळखी बाईचा फोन आला होता, "अकराची बस, सोम्बोरच्या स्टँडवर जा," एवढं बोलून तिने ठेवूनही दिला होता. खोक्यावर नाव मात्र डोब्रिलाचंच होतं. दोरी अशी करकचून बांधलेली की बांधणारीने कुणाचा तरी राग तिच्यावर काढला असावा. वास खरोखरच भूक चाळवणारा होता. ते उराशी धरून ती स्टँडबाहेर पडते न पडते तोच फोन वाजला.

"पोचलं का? साय सांडली नाही ना? मी ल्युबिंका. नेदाची आई."

"अहो, पण हे सगळं कशाला?"

"कशाला म्हणजे? पोरगी पाच महिने तुमच्याकडे आहे. आता मुलाखत आली. आम्ही डोंगरातली माणसं असलो तरी जग कसं चालतं ते कळतं आम्हाला."

"ती माझ्याकडे नाही हो. दर बुधवारी आम्ही संगणकावर तासभर बोलतो. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय बोलायचं. मी नुसती मार्गदर्शक आहे."

"तेच ते," ल्युबिंका समजूत घातल्यासारखं म्हणाली. "आमच्या वेळी त्याला वेगळं म्हणायचे. राकिया सासऱ्यांनी घरी गाळलेली आहे, ती मुलाखत घेणाऱ्या साहेबांना द्या. मांस आणि कायमाकची साय तुम्ही ठेवा. लेकीला यातलं काही सांगू नका, ती उगाच तत्त्वं काढत बसते."

डोब्रिला काही बोलणार, तोवर पलीकडे कोंबड्यांचा गलका झाला आणि फोन बंद पडला.

खोकं परत पाठवणं शक्य नव्हतं. आलेली साय परत धाडणं म्हणजे त्या माउलीच्या तोंडावर दार आपटणं. डोब्रिलाने ते जिन्यातल्या चार घरांत वाटून टाकलं. समोरची स्टाना मांसाचा तुकडा हुंगत म्हणाली, "कुणाचं काम केलंस गं?"

"कुणाचंच नाही."

"काम न करता एवढं? केलं असतंस तर बैल आला असता."

डोब्रिलाचं सगळं आयुष्य बियाण्यांच्या प्रयोगशाळेत गेलं होतं. ओल्या कागदावर बी ठेवायचं, उगवलं की रोप बघायचं. धड कुठलं, विकृत कुठलं, मेलेलं कुठलं, ते लिहून द्यायचं. निवृत्त झाल्यावर ती आईच्या सोम्बोरमधल्या घरात राहायला आली. तिथे एका विद्यार्थी संघटनेने तिला गाठलं. कॉलेजातल्या मुलांना नोकरीच्या वाटेवर सोबत करायला अनुभवी माणसं हवी होती, पैसे मिळणार नव्हते, खुर्चीवरून उठावंही लागणार नव्हतं. तिच्या वाट्याला आली नेदा. चाचाकला शेतीशास्त्र शिकणारी, इवान्यित्साच्या डोंगरातली, बोलताना कॅमेऱ्याकडे सोडून जगात सगळीकडे बघणारी.

बुधवारी संध्याकाळी डोब्रिला इस्त्रीचा ब्लाउज घालायची आणि खाली लोकरीच्या सपाता. लॅपटॉप पावाच्या डब्यावर ठेवायची, म्हणजे हनुवटीखालची दुसरी हनुवटी दिसत नसे. पहिल्याच तासाला तिने विचारलं होतं, "बटाट्याच्या कोंबांवर प्रयोग केलास म्हणतेस, तो कुणी केला?"

"आम्ही केला."

"आम्ही म्हणजे किती जण?"

नेदा विचारात पडली. "मी एकटीच."

"मग 'मी' म्हण. ठाम म्हण. घुटमळलीस की समोरच्याला वाटतं, हिला येत नाही."

ते 'मी' नेदाच्या तोंडून सुटं व्हायला हिवाळा उलटावा लागला. आता ती कॅमेऱ्यात बघून बोलायची. आता मुलाखत आली होती, आणि ती नेमकी डोब्रिलाच्याच जुन्या प्रयोगशाळेत. तिथला आजचा प्रमुख रादोमिर डोब्रिलाच्याच हाताखाली शिकला होता.

खोकं आलं त्या आठवड्यात नेदाने सराव संपल्यावर लॅपटॉप बंद केला नाही.

"बाई, रादोमिर सर तुमच्या ओळखीचे आहेत ना?"

"आहेत."

"माझ्या वर्गातल्या सगळ्यांचं कुणी ना कुणी आहे. कुणाचा काका, कुणाच्या वडिलांचा लष्करातला मित्र. माझं कुणी नाही." ती थांबली. "तुम्ही आहात. मी मागत नाहीये काही. नुसतं सांगतेय. ही नोकरी नाही लागली तर गावी जाऊन रासबेरीच तोडायची आहे."

डोब्रिला उठली, चहाचं आधण उगाचच बंद केलं, परत येऊन बसली.

"मी नोकरीला लागले तेव्हा माझा मामा पक्षाचा तालुक्याचा चिटणीस होता. त्याने एक फोन केला. मी अर्जसुद्धा नंतर लिहिला. पहिल्या दिवशी टेबलापाशी गेले तर एक बाई दुसरीला म्हणाली, आलं बघ वशिल्याचं तट्टू. त्यानंतर माझं नाव मामाची भाची. मी सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची. दुसऱ्या कुणी चूक केली तर ती चूक. मी केली तर मामा. मी बरोबर केलं तरी मामाच. निरोपाच्या जेवणात पेला उचलून कुणीतरी म्हणालं, आपल्या मामाच्या भाचीला उदंड आयुष्य मिळो. सगळे मायेने हसले. मीही हसले. मामा जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती."

नेदा म्हणाली, "पण बाई, नोकरी तर मिळाली ना? घर चाललं. मग बिघडलं काय?"

इतकी वर्षं हा प्रश्न डोब्रिलाने स्वतःला अशा सरळ शब्दांत विचारलाच नव्हता. "पुढच्या बुधवारी बोलू," ती म्हणाली.

पण रविवारी रादोमिरचाच फोन आला.

"डोब्रिलाताई, गुडघे कसे आहेत?"

"आहेत त्या जागी आहेत. तुला माझे गुडघे कधीपासून आठवायला लागले?"

तो हसला. "एका मुलीच्या अर्जात तुमचं नाव वाचलं, मार्गदर्शक म्हणून. म्हटलं विचारून घ्यावं. तुमची आहे का?"

हे तीन शब्द या मुलखात कुठल्याही कार्यालयात विचारले जातात, आणि उत्तर 'हो' असेल तर पुढचं काही विचारलं जात नाही. डोब्रिलाने पदराला हात पुसावेत तसे अॅप्रनला हात पुसले.

"मुलगी बरी आहे," रादोमिर पुढे म्हणाला. "शेवटी दोघीच उरल्यात. स्पष्टच सांगतो, दुसरीसाठी संचालकांकडून फोन आलाय. तुमचा शब्द आला तर माझे हात जरा मोकळे होतील. एक फोन इकडून, एक तिकडून. फिटंफाट."

खिडकीखाली स्टाना कुणाशी तरी कोबीच्या भावावरून भांडत होती. डोब्रिलाला नेदाचं 'मग बिघडलं काय' ऐकू आलं. एक 'हो' म्हटलं की पोरगी रासबेरीच्या रानातून सुटत होती. न म्हटलं तर पारडं दुसरीकडे झुकलेलंच होतं. तत्त्व सांभाळायचं डोब्रिलाने आणि किंमत मोजायची नेदाने, यात कसली थोरवी?

"ताई? ऐकताय ना?"

"ऐकतेय. ती माझी नाही, रादोमिर. ती तिची आहे."

"बरं," तो जरा हिरमुसून म्हणाला.

"थांब. एक मागते. तिच्यासाठी नाही. तुझ्या बंद खोलीत मुलाखत घेऊ नकोस. दोघींना उगवणीच्या टेबलाशी उभं कर. ट्रे पुढे ठेव. आणि टेबलावरच्या सगळ्या बायकांना भोवती बसव. त्यांना विचारू दे. जिला घेशील तिला त्यांच्यासमोर घे."

"संचालकांना काय सांगू?"

"सांग, पद्धत बदलली."

"हाही वशिलाच झाला, ताई."

"झाला खरा," डोब्रिला म्हणाली. "पण कुणाचा, ते मला अजून माहीत नाही."

मुलाखत मंगळवारी झाली, निकालही तिथल्या तिथे लागला. नेदाचा फोन आला नाही. ल्युबिंकाचा आला. ती ओरडली नाही, तेच वाईट होतं. "आमचं खोकं कमी पडलं म्हणायचं," एवढंच म्हणाली.

बुधवारी डोब्रिला वेळेच्या आधीच ब्लाउज घालून बसली. नेदा येईल असं तिला वाटत नव्हतं. पण पडद्यावरचा चौकोन उजळला. नेदाचे डोळे सुजलेले होते, केस मात्र नीट विंचरलेले.

"सूर्यफुलाची रोपं होती," तिने विचारायची वाट न बघता सुरुवात केली. "धड कुठली, विकृत कुठली, ते सांगायचं. सगळ्या बायका भोवती. मी भराभर सांगितलं, अजिबात घुटमळले नाही. ती दुसरी, इस्क्रा, दोन रोपांपाशी थांबली. म्हणाली, यांचं मला आज सांगता येत नाही, अजून दोन दिवस जायला हवेत."

"आणि?"

"खरंच जायला हवे होते. मलाही दिसत होतं, बाई. पण वाटलं, सांगता येत नाही म्हटलं तर कच्ची ठरेन. तुम्ही म्हणाला होतात, ठाम बोलायचं."

"हो," डोब्रिला हळूच म्हणाली. "मीच म्हणाले होते. कुठे बोलायचं नाही, ते शिकवायचं राहिलं माझं."

"तिच्यासाठी वरून फोन होता म्हणतात. पण नंतर त्या बायकांनी तिला आपल्यातच बसवून कॉफी दिली. एक म्हणाली, ही शोभेल आपल्यात. फोनचं नावसुद्धा कुणी काढलं नाही."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पोरीने मान्य केलं होतं, डोब्रिलावर कुठलाच आळ नव्हता. पण समोर पाच महिने 'मी' म्हणायला शिकलेली मुलगी बसली होती. तिच्यापासून लपवून पुढचे बुधवार काढायचे तर शिकवणार काय?

"नेदा, रादोमिरने मला विचारलं होतं, ही तुमची का. मी हो म्हटलं नाही."

नेदा कॅमेऱ्यात बघत राहिली. "दुसऱ्या फोनचं तुम्हाला माहीत होतं तेव्हा?"

"होतं."

"तरी?"

"तरी."

"आणि त्या बायका भोवती बसल्या होत्या, ते..."

"ते मी मागितलं."

"माझ्यासाठी?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि अर्धं तरी खरं होतं. डोब्रिलाच्या डोळ्यांपुढे ती कधी न पाहिलेली इस्क्रा आली. पहिल्याच दिवशी हातात कॉफीचा कप घेऊन टेबलाशी बसलेली.

"जी लागेल तिच्यासाठी," ती म्हणाली.

चौकोन काळा झाला.

डोब्रिलाला वाटलं, गेली. पण नेदाचं नाव खाली तसंच होतं. तिने फक्त कॅमेरा बंद केला होता. मग आवाज यायला लागले. खुर्ची सरकली, नाक शिंकरलं, कुणीतरी दार उघडून काही विचारलं आणि त्याला "नंतर" असं उत्तर मिळालं. डोब्रिलाने समजावलं नाही, माफी मागितली नाही, लॅपटॉपही मिटला नाही. तास त्या मुलीचा होता. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता. पलीकडून कुणी बघतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिने कॉलर नीट केली आणि पाठ ताठ करून बसून राहिली.

जिन्यातला दिवा लागला तेव्हा काळ्या चौकोनातून आवाज आला. दाटलेला, पण कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलावं तसा.

"बाई, 'मला सांगता येत नाही' हे ठाम कसं म्हणायचं?"

डोब्रिलाने खुर्ची पुढे ओढली.

"आधी," ती म्हणाली, "घसा साफ करायचा."

पलीकडे नेदाने घसा साफ केला.