लाल फुलीचं कार्ड

त्या शाळेत स्वमग्न मुलांना निवड करायला शिकवायचा मोठाच थाट होता. मोठ्या बाई एका हातात बिस्किट धरायच्या, दुसऱ्या हातात साबणाची वडी. पोराने बिस्किट ओढलं की पाहुण्यांकडे वळून म्हणायच्या, "बघा, स्वतः निवडलं." साबण कोण खाणार होतं, हे विचारायची कुणाची टाप? पाहुणे बिचारे टाळ्या वाजवायचे.

एका आईला मात्र त्या टाळ्यांची लाज वाटली. तिचा सात वर्षांचा मुलगा बोलत नव्हता. त्याच्या कमरेला चित्रांच्या कार्डांचा जुडगा असायचा: पाणी, शू, झोका, खाऊ. हवं ते काढून समोरच्याच्या हातात द्यायचं. अलीकडे तो शाळेतून आला की मनगट चावायचा. का ते तिला कळेना. शेवटी तिने जुडगा चाळला, तर लाल फुलीचं कार्ड, म्हणजे "नको", गायब.

"मीच काढून ठेवलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "अहो, सारखं तेच पुढे करायचा. रंगकाम नको, गाणं नको. मग शिकवायचं कसं? आधी नीट निवडायला लागू दे, मग देऊ परत."

वा रे निवड. पोराचा नकार कपाटात कुलूपबंद, आणि भिंतीवर रंगीत अक्षरांत 'माझी आवड, माझी निवड'.

"तुम्हाला मुलं कशाला हवीत?" आई म्हणाली. "बाहुल्या आणा."

घरी येऊन तिने पुठ्ठा कापला, लाल फुली काढली आणि जुडग्यात ओवली. पोराने भाजी नाकारली, नवा शर्ट नाकारला, मामाचा मुकासुद्धा नाकारला. चावणं थांबलं. तिचा ऊर भरून आला, आणि कधी एकदा मोठ्या बाईंची जिरवते असं तिला झालं.

त्याला घेऊन ती थेट त्यांच्या ऑफिसात गेली. दोन्ही हातांत फळं धरली. "केळं की सफरचंद? दाखव बाईंना."

पोराने लाल फुली काढून तिच्यापुढे धरली.

"अरे, केळं आवडतं ना तुला? घे की."

त्याने फुली तिच्या मनगटावर दाबली.

मोठ्या बाई गालात हसल्या. "हेच म्हणत होते मी."

तिची कानशिलं तापली. खोटं कशाला बोला, ते कार्ड हिसकावून पर्समध्ये कोंबावंसं तिलाही वाटलं. मग तिने फळं पिशवीत टाकली.

"नको म्हणतोय तो," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी दार उघडून उभी राहिली.