कुवेतचं मशीन

तुम्ही त्या मशीनचं झाकणसुद्धा उघडलं नाहीत. कुणी सडका बांगडा आणून ठेवावा तसं करंगळीच्या नखानं ते टेबलाच्या कडेला सारलंत, आणि धाप लागणाऱ्या एका माणसाला परत वाळवंटात धाडायची सोय केलीत. चहाचा घोट घेता घेता केलीत. तुमचं नाव इथे घेत नाही. विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसता, एवढी ओळख पुरे.

आता ऐका, त्या नखानं काय काय सरकलं ते.

पावस गावच्या इकरानं कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला तेव्हा घरात लॅपटॉप होता. तिचा बाप कमाल उमेदीची सगळी वर्षं कुवेतला एसीच्या डक्टमध्ये पोटावर सरपटत राबला. कंपनीनं ऑफिसातली जुनी मशीनं काढून टाकली, तेव्हा त्यातलं एक त्यानं मुलीसाठी मागून घेतलं. काळं, जाड, पाट्यासारखं जड. कीबोर्डवर इंग्रजीच्या शेजारी अरबी अक्षरं. ते बॅगेत घालून तो कायमचा घरी आला. डक्टमधली धूळ छातीत बसली होती. मशिदीच्या चार पायऱ्या चढला तरी कठड्याला धरून उभा राहायचा. ओळखीच्या एका बागायतदारानं आंब्याच्या कलमांवर देखरेखीचं काम दिलं होतं, त्यात तो खूश होता. "पेज खाऊन दिवस काढीन, पण आता विमानात बसायचा नाय," असं सईदाला, म्हणजे इकराच्या अम्मीला, रोज एकदा तरी सांगायचा.

शेजारची स्वप्ना कांबळे त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. इकरानं मशीन तिच्यापुढे ठेवलं.

"पुरेल गो हे?"

स्वप्नानं पालथं करून बघितलं, चालू केलं, गुरगुर ऐकली. "सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. मेंदू बरा आहे, पाय गेलेत. जुनी हार्डडिस्क काढ, एसएसडी घाल. रॅम वाढव. विंडोज अकरा याला घेता येणार नाही, लिनक्स टाक."

तसं केलं. आधी उघडायला चहा उकळेपर्यंत वेळ लागायचा, ते मशीन आता झाकण उचललं की हजर. बॅटरी मात्र मेलेली. वायर निघाली की डोळे मिटलेच.

"माझ्या दाजीसारखं आहे," स्वप्ना म्हणाली. "बसल्या जागी सगळं करतो, उठवलं की संपला."

दोघी हसून हसून लोळल्या. कमाल बाहेर ओटीवर बसला होता. मुलीचं हसू ऐकून तोही उगाच हसला.

मग पालकांची सभा आली.

आमच्या किनाऱ्यावर एक रीत आहे, आणि मला ती किळसवाणी वाटते, तरी सांगतो. आखातातून आलेला माणूस चारचौघांत "नाही" म्हणत नाही. घरात डाळीला फोडणी नसली तरी बाहेर पडताना इस्त्रीचा शर्ट, अत्तर, चकचकीत बूट. लग्नात, मदरशाच्या वर्गणीत, मयतीतसुद्धा सगळे आधी त्याच्याकडेच बघतात, आणि तो खिशाकडे न बघता मान डोलावतो. कमाल सभेला तस्साच गेला. इकरानं लॅपटॉप नेला होता. चालेल ना, एवढंच विचारायचं होतं.

व्हरांड्यात एका दुकानदाराचं टेबल मांडलेलं होतं. त्यावर नवेकोरे लॅपटॉप आणि पालकांसाठी थंड सरबत. आत साहेबांनी, म्हणजे तुम्हीच, जाहीर केलं : पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाकडे विंडोज अकरा असलेला नवा लॅपटॉप हवा, दिवाळीनंतर तपासणी, नसेल त्याच्या प्रॅक्टिकलवर सही नाही. इकरा पुढे गेली. मशीन टेबलावर ठेवलं.

"सर, यात एसएसडी घातलीय, रॅमही वाढवली..."

नख पुढे आलं. मशीन सरकलं.

"हे म्युझियममध्ये दे." मग नजर कमालकडे, शर्टाकडे, बुटाकडे. नाकानं अत्तराचा वास घेतला तो सगळ्यांना दिसला. "काय हो, कुवेतवाले ना तुम्ही? मुलीला भंगार देता? निदान आपल्या मुलीच्या बाबतीत तरी हात आखडू नका."

लोक हसले. मोठ्यानं नाही, पण हसले.

कमालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणाला, "नवाच घ्यायचा आहे सर. मी परत निघालोच आहे."

निघालोच आहे! इकरानं वळून त्याच्याकडे बघितलं. बाप धडधडीत खोटं बोलला होता. आणि तिला हेही कळलं, की बोललेलं आता तो खरं करणार.

तसंच झालं. कुवेतच्या जुन्या मुकादमाला फोन गेला, कागद आले. मेडिकलला छातीचा फोटो काढतात. धाप काही फोटोत दिसत नाही. सईदा चुलीशी बसून भांडली. "तुमी त्या माणसाच्या चार शब्दांपायी मरायला चाललायत!"

"चारचौघांत बोललोय मी, सईदा."

"मंग चारचौघांत मरा!"

इकरानं विनवलं. "अब्बा, मशीन चालतं हो. मी दाखवते तुमाला."

"तू दाखवून काय होतं? मी काय तुला शब्द दिलाय? त्या सरांनी होय म्हटलंन, तर मी नाय जात. त्यांनी सांगायला हवं."

तेवढ्यात कॉलेज सुरू झालं, आणि इकरा पहिल्यांदा त्या साहेबांच्या लॅबमध्ये शिरली.

आत मेलेल्या उंदराचा वास. उंदीर कुठल्या तरी कॉम्प्युटरच्या डब्यात मेला होता, कुठल्या ते शोधायची तसदी कुणी घेतली नव्हती. कीबोर्डच्या फटींत लेंड्या. कळा चिकट. कोपऱ्यात कुणीतरी पिचकारी मारलेली, तिच्यावर वायरी लोंबत होत्या. तिनं मशीन चालू केलं. विंडोज सात! रॅम तिच्या कुवेतच्या मशीनपेक्षा कितीतरी कमी. आणि त्यावर शिकवत काय होते? टर्बो सी. तो निळा पडदा, तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. माउस नीट चालत नव्हता, मुलं बाण दाबत बसली होती. नव्या लॅपटॉपवाल्या मुलांनीही आपापली यंत्रं दप्तरात ठेवली होती, कारण प्रॅक्टिकल लॅबच्या मशीनवरच करायचं, असा दुसरा नियम होता.

 बाहेर जाऊन इकरानं नळाखाली हात चोळचोळून धुतले. वास गेला नाही. हे! ह्याच्यासाठी?

त्या संध्याकाळी ती सरळ स्वप्नाकडे गेली. "तुझी गेल्या वर्षीची प्रॅक्टिकलं दे, आणि या वर्षाची यादी. सगळी."

मग दोघींनी एकेक करून त्या काळ्या मशीनवर चालवलं. सी चाललं. जावा चाललं, पायथन चाललं. डेटाबेस चालला, वेबसाइट चालली. मोबाइलचं ॲप बनवताना पडद्यावरचा खोटा फोन उघडायला गेलं, तेव्हा मात्र मशीन घुरघुरलं, तापलं आणि गोठलं.

"इथे मेला," स्वप्ना म्हणाली.

"खोटा फोन कशाला? खरा आहे की." इकरानं आपला मोबाइल वायरनं जोडला. ॲप सरळ त्यावर उघडलं. एआयचं एक प्रॅक्टिकल तर सगळं ब्राउझरमध्येच, दुसरीकडच्या कॉम्प्युटरवर चालणारं. बॅटरी मेलेली होती ती मेलेलीच. पण वर्गात प्लग होते, घरात होते.

तोवर निघायचा दिवस आलाच. संध्याकाळी हातखंब्याहून मुंबईची गाडी होती. सकाळी सईदा बॅगेत कोकमं भरत होती आणि रडत नव्हती, तेच जास्त वाईट दिसत होतं. इकरानं मशीन दप्तरात घातलं आणि एसटी पकडली.

साहेब खुर्चीत होते. समोर चहा. तिनं न विचारता प्लग लावला, झाकण उघडलं, पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"हे काय?"

"दोन वर्षांची प्रॅक्टिकलं, सर. सगळी यावर चालतात. तुम्ही सांगाल ते चालवून दाखवते."

त्यांनी पडद्याकडे बघितलं नाही. "अगं, चालतं की नाही हा प्रश्नच नाही. निकष आहे."

"कुणी ठरवला?"

"वरून आलाय."

"वर कोण, सर? वर तर गच्ची आहे."

दारातला शिपाई खोकला. साहेबांनी कप खाली ठेवला. "जास्त बोलू नकोस. तुझे वडील स्वतः म्हणाले नवा घेतो म्हणून. त्यांना अडचण नाही, तुला काय आहे?"

"त्यांना दम्याची अडचण आहे. तुम्ही हसवलंत सगळ्यांना, म्हणून ते बोलले. तुम्ही हो म्हणालात तर ते गाडीत बसणार नाहीत. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार नाहीत."

"मी काय सगळ्यांच्या घरी फोन करत बसू?"

"सगळ्यांच्या नको. एका घरी करा." तिनं स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. अब्बांचा नंबर समोर काढलेला होता.  "नाहीतर आम्ही जे शिकणार आहोत त्यातलं एक काम दाखवा, जे या मशीनवर होत नाही. फक्त एक. दाखवलंत तर मी तुमची माफी मागते आणि स्वतः जाऊन अब्बांना गाडीत बसवते. बोला सर, कोणतं काम?"