टारपनपुढं वाकायची रीत

गळाच्या रिळावरची दोरी संपली आणि माझ्या तळहातावरची हृदयरेषा बाहेर यायला लागली. दुखलं नाही. स्वेटरचा धागा उसवावा तशी ती सुटली, काठीवरून सरसरत गेली आणि देवबागच्या खाडीच्या तोंडाशी पाण्यात शिरली. दुसऱ्या टोकाला टारपन मासा होता, माझ्या उंचीचा.

मासा धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, हा शौक मी निवृत्तीनंतर लावून घेतला. "सोडूचोच आसा तर धरतास कित्याक?" असं होडीवाला रुजाय दर खेपेला विचारतो. आज त्यानं विचारलं नाही.

"वाका, भाऊनू!" तो ओरडला. "उडी मारता तो!"

टारपन हवेत असताना दोरी ताणलेली राहिली तर तुटते. म्हणून त्यानं उडी मारली की धरणाऱ्यानं कमरेतून पुढं वाकायचं आणि दोरी सैल सोडायची. अशी रीत आहे. मी वाकलो. मासा धप्पकन पाण्यात पडला आणि लांब पळाला. मस्तकरेषा गेली. फारसा फरक जाणवला नाही.

"काप दोरी," मी म्हणालो.

रुजायनं सुरी काढली, माझा तळहात उजेडात धरला, आणि सुरी परत खोचली.

"आता कशी कापू? ऱ्हवली ती आयुष्याची."

ती अंगठ्याच्या मुळाशी होती आणि आखूड होत चालली होती. चांगली लांब आहे असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं.

मासा उडाला. मी वाकलो. उडाला. वाकलो. नोकरीत याहून जास्त वाकलो असेन, पण तिथं चुकलं तर नुसती बदली व्हायची.

मग त्यानं उड्या थांबवल्या. पाण्यातून अर्धा वर येऊन तो सरळ उभा राहिला आणि माझ्याकडं बघत राहिला. तळहातावर आता नखाएवढी रेष उरली होती. आमच्यामधली दोरी ताठ झाली, गुणगुणायला लागली.

"भाऊनू," रुजाय हळूच म्हणाला, "तुम्ही उडी मारू नकात हां."

"मी कशाला मारीन?"

"तसा न्हय. पण तो तयारीत आसा."

टारपननं, रीतीप्रमाणं, कमरेतून पुढं वाकून दोरी सैल सोडली.

माझे पाय होडीच्या फळीवरून सुटून हवेत होते.