दहाच्या टिचकीचा चमत्कार

बरोबर दहा वाजता चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर एकवीस माणसं आपापल्या फोनवर वाकली. काचा घासणारे काका, खास बूट शिवणारे दोघे भाऊ, चाकाच्या खुर्च्या जोडणाऱ्या मुली आणि सगळ्यांच्या पुढे घरच्या चारही दुकानांचा कारभार बघणारा दादा. "आपली दुकानं शोधा!" असा पुकारा झाला, बोटं फिरली, आणि मग जो गलका उठला तो काय विचारता!

"पहिला! आपला नंबर पहिला!"

"माझ्याही फोनवर पहिला!"

काकांच्या तर डोळ्यांना पाणी आलं. चाळीस वर्षं काचा घासण्यात गेली, पहिला नंबर म्हणून कधी आला नव्हता.

ज्यांच्या कृपेने हे घडत होतं ते सल्लागार भिंतीला टेकून मंद हसत होते. सगळे त्यांना 'एकनंबर सर' म्हणायचे. "मी काही केलं नाही, दादासाहेब," ते म्हणाले. "शोधयंत्रालासुद्धा निष्ठा कळते. रोज दहाला सगळ्यांनी चारही दुकानं शोधायची आणि आपल्याच साइटवर टिचकी मारायची. नागा नको, शंका तर मुळीच नको. शंकेने ऊर्जा फुटते." ऊर्जा म्हणे! हा माणूस पूर्वी घरातली पाण्याची टाकी कुठल्या कोपऱ्यात ठेवावी ते सांगत फिरायचा. तेव्हाही ऊर्जाच फुटायची.

एकवीस जणांत दादाची धाकटी बहीण तेवढी नव्हती. सगळे तिला ताई म्हणत. चार दुकानांतलं सगळ्यात लहान, कानाच्या यंत्रांचं दुकान तिचं. तेही मागच्या गल्लीत, छपाईच्या कारखान्याला लागून. तिथे सहज चालत कोण येणार? येणारा माणूस साइटवर वाचून यायचा. यंत्र शिट्टी का मारतं, आंघोळीत भिजलं तर काय करायचं, म्हातारे वडील यंत्र लावायलाच तयार नसतील तर त्यांच्याशी कसं बोलायचं, अशी तीनशेवर उत्तरं ताईने नऊ वर्षांत एकेक करून लिहिली होती. दार उघडलं की दुकानात घंटा वाजत नसे, दिवा लागत असे. घंटा ऐकू येणारं गिऱ्हाईक तिच्याकडे यायचंच कशाला?

गेल्या दोन महिन्यांत तो दिवा दिवसाकाठी एखाद्या वेळी लागत होता. आणि दादाने सांगून ठेवलं होतं, "या महिनाअखेरपर्यंत माणसं आली नाहीत, तर गाशा गुंडाळू."

अशात एक दिवस दिवा लागला. आत आल्या त्या निवृत्त मास्तरीणबाई, ताईच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक.

"अगं, आहेस होय तू!" त्या ओरडल्याच. "मला वाटलं, दुकान बंद केलंस. फोनवर किती शोधलं! तुझं जुनं पान उघडलं तर म्हणे 'पान सापडलं नाही'. आणि तुझी उत्तरं चष्म्यांच्या दुकानात कशी गं गेली?"

ताईने त्यांचा फोन घेतला. शोधलं. पहिलं पान, दुसरं, तिसरं. तिच्या दुकानाचा पत्ता नाही. पाचव्या पानावर तिचंच उत्तर, तिच्याच शब्दांत, चष्म्याच्या साइटवर.

तिला लख्ख उमगलं. सरांनी चारही साइट एका जागेवरून चालवायला घेतल्या होत्या. त्यात वाईट काहीच नव्हतं. फोन नंबर एकदा बदलला की चारही ठिकाणी बदलायचा, ताईलाही ते आवडलं होतं. पण मग सरांनी तिची उत्तरं सरसकट चारही साइटवर ओतली. "चौपट दारं, चौपट माणसं!" म्हणाले. ती भांडली होती तेव्हा. दादा म्हणाला होता, "तुला त्यातलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी दहाला ती मास्तरीणबाईंना घेऊन माडीवर गेली. गलका ओसरल्यावर म्हणाली, "दादा, आता या फोनवर शोध."

दादाने शोधलं. खाली सरकवलं, आणखी खाली सरकवलं. दुकान दिसेना.

सर पुढे झाले. "त्याचं काय आहे, विश्वव्यापी लहरी जेव्हा..." मास्तरीणबाईंनी शांतपणे दोन्ही कानांतली यंत्रं काढून पर्समध्ये टाकली. "बोला तुम्ही. मी नुसता फोन बघते." मुली खुदकन हसल्या.

सरांचा तोल गेला. "अहो, या फोनला आपल्या दुकानाची सवयच नाही!"

"हेच!" ताई म्हणाली. "यांच्याच तोंडून आलं. आपण रोज आपल्याच साइटवर टिचकी मारतो. फोन ते लक्षात ठेवतो आणि आपल्याला हवं तेच वर दाखवतो. त्यात आपण बसलोय दुकानातच, म्हणजे जवळचं म्हणूनही तेच आधी. चमत्कार आपणच फोनला शिकवलाय, दादा. गिऱ्हाइकाचा फोन आपल्या शिकवणीला येत नाही."

मग तिने सगळं उलगडून सांगितलं. एकच मजकूर चार ठिकाणी दिसला की शोधयंत्र त्यातलं एक ठेवतं, बाकीची गाळतं. त्याने मोठं म्हणून चष्म्याचं दुकान ठेवलं, आणि चष्मेवाल्याला कानातलं काय कळणार म्हणून त्यालाही मागे ढकललं. वर जुनी पानं बंद करताना नव्या पत्त्याकडे नेणारी पाटीसुद्धा कोणी लावली नाही. नऊ वर्षांत ज्यांनी वाट लक्षात ठेवली, ते सगळे भिंतीवर आपटून परत गेले.

खाली चष्म्यासाठी थांबलेल्या दोघांचे आणि पार्सल घेऊन आलेल्या माणसाचा असे तीन फोन मागून आणले. तिन्हींवर तेच. मग तिने दादाच्याच फोनची आठवण पुसली आणि कारखान्यापलीकडे चौकात जाऊन शोधायला लावलं. दादा परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"प्रत्येक पानाला एकच घर दे," ताई म्हणाली. "जुन्या पत्त्यांवर पाट्या लाव. आणि नंबर बघायचा तर परक्याच्या फोनवर बघ. बाकी काही मागत नाही मी. सावरायला वेळ लागेल, पण सावरेल."

काका हातातल्या फोनकडे बघत पुटपुटले, "पण ताई, माझ्या फोनवर तर अजून पहिलाच आहे."

तेवढ्या एका वाक्याने सगळं फिरलं. "माझ्याही!" बूट शिवणारे म्हणाले. सरांच्या अंगात पुन्हा जीव आला. "बघा दादासाहेब! एकवीस फोन खरं बोलतात की चार? आणि दहाच्या टिचकीला कोण येत नाही, हेही बघा. कोणाचं दुकान बसलं?"

दादाने बहिणीकडे बघितलंच नाही. "एवढी माणसं आनंदात आहेत," तो म्हणाला. "तू एकदा तरी यायला हवं होतंस गं."

ताईला रडू फुटलं. मास्तरीणबाईंनी यंत्रं पुन्हा कानांत घातली आणि विचारलं, "काय म्हणाला तो?" ताई त्यांचा हात धरून जिना उतरू लागली.

महिनाअखेरीला तिने दारावरचा दिवा स्वतःच काढला. खोकी बांधून झाली होती. दहा वाजले, माडीवरचा गलका गल्लीपर्यंत ऐकू आला. तिने उगाच आपल्या फोनवर शोधलं. तिचं दुकान पहिलं! क्षणभर, अगदी क्षणभर, तिचा ऊर भरून आला. मग आठवलं, नऊ वर्षं रोज आपण हीच पानं उघडत आलोय.

सगळं ठाऊक असलेल्या बाईला जर भुलायला होतं, तर बाकीच्यांना काय नावं ठेवायची? म्हणून हात जोडून एवढंच सांगणं आहे. तुमच्या हातात चमत्कार दिसला, तर तो आधी परक्याच्या हातात देऊन बघा. ज्याला तुमचं सुखदुःख नाही, अशा माणसाला विचारा, तुला दिसतंय का?

खोकी न्यायला टेम्पोवाला आला. ताईने त्याचा फोन मागितला आणि शोधलं.

"सापडलं का, ताई?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि पहिलं खोकं उचललं.